पत्त्यांच्या वहीतली नववी ओळ

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय एक्क्याऐंशी, टपाल खात्यातला निवृत्त छाननी कारकून आणि त्याच्याही आधी सात वर्षं छत्रीधारी सैनिक, आज राहत्या घरी, स्वतःच्या टेबलावर बसून, कोणाच्या सांगण्यावरून वा धाकाने नव्हे तर आपल्या मर्जीने, माझ्या मागे काय व्हावं ते लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी काही कर्तव्य नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात त्यांनी "स्मरणशक्ती उत्तम" असं लिहिलं आहे. माझी सगळी अडचण तिथेच आहे.

कलम १. याआधी मी एक मृत्युपत्र केलं होतं, ते रद्द समजावं. त्यात घर, ठेव आणि सामान यांची नीट व्यवस्था होती, पण ज्या गोष्टीपायी मी हे दुसरं लिहायला बसलो तिचा त्यात उल्लेखही नव्हता. ती गोष्ट अशी : आमच्या विमानातल्या एका माणसाला मी सत्तावन्न वर्षं भित्रा ठरू दिलं. तो भित्रा नव्हता, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तो आता हयात नाही. निदान त्याच्या घरच्यांना खरं कळावं, यासाठी हा कागद आहे. बाकीची कलमं वाटणीची आहेत, ती आधी उरकतो.

कलम २. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या पुतणीने करावी. ती औषधांच्या दुकानात काम करते, डॉक्टरांचं अक्षर वाचायची तिला सवय आहे, तेव्हा माझंही लागेल. शिवाय आमच्या घराण्यात वेळेवर येणारी ती एकटीच आहे.

कलम ३. मी राहतो त्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी पुतणीला मिळावी. गॅलरीच्या दाराची कडी आधी वर ढकलायची आणि मग ओढायची, हे तिला माहीत आहे. पुढच्या खोलीतल्या भिंतीची ओल मी दोनदा काढून घेतली. दोन्ही वेळा रंगारी म्हणाला, आता बघायलाच नको, आणि दोन्ही वेळा ओल परत आली. तिसऱ्यांदा त्याला बोलावू नये.

कलम ४. बँकेतली ठेव आणि माझ्या बायकोची कानातली, जी कपाटात वरच्या कप्प्यात औषधाच्या रिकाम्या डबीत आहेत, ती पुतणीलाच. तिचा भाऊ विचारेल, मग मला काय? त्याला माझा रेडिओ द्यावा. तो बंद आहे. भावाचाही गेल्या सहा वर्षांत आवाज आलेला नाही, तेव्हा दोघांचं जमेल.

कलम ५. माझी शिडी मेहुण्याकडे आहे. दोन दिवसांसाठी म्हणून नेली, त्याला एकोणीस वर्षं झाली. ती आता त्यालाच दिली असं समजावं, म्हणजे माझ्या दारावरून जाताना त्याला मान वळवायला नको. बायकोच्या शेवटच्या आजारात हा माणूस रोज येऊन तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायचा, म्हणून तिच्यासमोर मी शिडीचा विषय कधी काढला नाही. पण विसरलो होतो असं त्याने समजू नये.

कलम ६. टाइपरायटर, आमच्या वर्षाच्या पत्राच्या प्रती मी ज्यावर काढतो ते सायक्लोस्टाइल यंत्र, त्याचे दोन रूळ आणि शाईचे उरलेले डबे क्रमांक चारच्या मुलाला द्यावेत. हे 'क्रमांक चार' काय प्रकरण आहे ते इथे सांगितलं पाहिजे. लढाईत ज्या विमानातून आम्ही उडी घेतली त्यात सोळा जण होतो, आणि दाराशी ज्या क्रमाने उभे राहिलो तो क्रम आम्हाला जन्माचा चिकटला. नावं घरच्यांसाठी. आम्ही एकमेकांना आकड्यानेच ओळखतो. मी दहावा.

क्रमांक चारचा मुलगा गुणी आहे, पण त्याने मला न विचारता आमच्या सगळ्या घरांचा मोबाइलवर एक गट केला. पहिला महिनाभर त्यावर फुलांचे फोटो आणि सुप्रभात. मी म्हटलं, याला म्हणतात का संपर्क? मग क्रमांक दोन जिन्यात पडला आणि दहा मिनिटांत सगळीकडे कळलं. माझ्या पत्राला नऊ दिवस लागले असते. मान्य आहे. तरी यंत्र त्याने घ्यावं आणि आठवड्यातून एकदा रूळ पुसावेत.

कलम ७. आता पत्त्यांची वही.

लष्कर सोडून मी टपाल खात्यात लागलो, तेव्हा सोळांपैकी चौदा हयात होते. दोघं त्या उडीच्याच दिवशी जमिनीवर पोचल्यानंतर गेले होते. पांगलेली माणसं शोधायची तर पत्रांची छाननी करणाऱ्याइतकं दुसरं कोणाला जमणार? मी एकेकाचा पत्ता काढला, वहीत क्रमाने लिहिला आणि वर्षाला एक पत्र सुरू केलं. त्याला एकावन्न वर्षं झाली. त्यात भाषण नसायचं. कोण कुठे आहे, कोणाच्या घरी मूल झालं, कोणाला नोकरी हवी आहे, कोण दवाखान्यात आहे, खाट कुठली आणि भेटायची वेळ कधीची, एवढंच.

पण त्या एवढ्याशानेच खूप झालं. क्रमांक पाचचं ऑपरेशन झालं तेव्हा रक्त द्यायला इतके जण आले की परिचारिका म्हणाली, तुम्ही बाहेर रांग लावा नाहीतर मीच खाटेवर पडेन. क्रमांक तीनचा मुलगा आणि क्रमांक बाराची मुलगी याच पत्रामुळे भेटले आणि आज त्यांना नातवंडं आहेत. ज्या बायकांचे नवरे गेले त्यांनाही पत्र जायचं, पाकिटावर त्यांचंच नाव. क्रमांक एकची बायको मला म्हणाली होती, "भावोजी, हे गेल्यावर कोणी दार वाजवत नाही. तुमचं पत्र तेवढं वाजवतं."

माझी बायको पाकिटं चिकटवायला बसायची. पहिल्याच वर्षी तिने विचारलं, "अहो, आठनंतर एकदम दहा कसा?"

मी म्हटलं, "नववा नाही. त्याने दारात नकार दिला."

तिने पुढे विचारलं नाही. ती गेली तेव्हाही तिला एवढंच ठाऊक होतं.

कलम ८. जे घडलं ते असं. विमानात डोक्याच्या वर एक लांब तार असते. प्रत्येकाच्या पाठीवरच्या छत्रीचा पट्टा हुकाने त्या तारेला अडकवायचा. माणूस बाहेर पडला की पट्टा ताणला जातो आणि छत्री उघडते. पट्टा खांद्यावरून मोकळा वर गेलेला पाहिजे. तो काखेखालून गेला, तर हात जातो, कधी जीवही जातो. आपली पाठ आपल्याला दिसत नाही. म्हणून मागच्याने पुढच्याच्या पट्ट्यावरून हात फिरवायचा आणि सगळं बरोबर असेल तर खांद्यावर थाप मारायची. थाप बसली की पुढचा आपला आकडा सांगून "ठीक" म्हणतो.

नवव्याची पाठ माझ्या वाट्याला होती. त्याच क्षणी माझ्या शिरस्त्राणाचा हनुवटीखालचा बंद सुटला. मी दोन्ही हातांनी तो बांधत बसलो. मागून मला थाप बसली, मी "दहा ठीक" म्हटलं, आणि नवव्याचा पट्टा न बघता त्याच्या खांद्यावर थाप मारली. माझ्या भरवशावर तो म्हणाला, "नऊ ठीक."

हिरवा दिवा लागला. आठ जण भराभर गेले. नववा दारात थबकला. त्याचा हात वर झाला, आणि पट्टा काखेखालून गेलेला मला स्वच्छ दिसला. तो मागे वळून काहीतरी म्हणाला, पण इंजिनाच्या आवाजात कोणाला ऐकू येणार? मागे आम्ही सात जण खोळंबलो होतो. उडीप्रमुखाने त्याला दंडाला धरून बाजूला ओढलं. त्या ओढाताणीत पट्टा काखेतून सुटून मोकळा झाला, म्हणजे दाखवायला काही उरलं नाही. मी त्याच्या अंगाला घासून पुढे गेलो आणि उडी घेतली.

तीन आठवड्यांनी चौकशी झाली. एक अधिकारी, एक टेबल आणि मी उभा. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "त्याचा पट्टा तू तपासला होतास?"

मी म्हटलं, "होय साहेब. ठीक होता."

दोघं मेले होते. त्यांच्या नावाशेजारी हलगर्जी माणूस म्हणून माझं नाव यायला नको होतं. यापलीकडे माझ्याकडे कारण नाही आणि मी सत्तावन्न वर्षं शोधूनही ते सापडलेलं नाही. नवव्याच्या कागदावर 'उडीस नकार' असा शेरा पडला, त्याचं पदक काढून घेतलं आणि त्याला फाटक्या छत्र्या शिवायला कोठारात पाठवलं.

कलम ९. लष्करातून सुटल्यावर त्याने खुर्च्या-सोफ्यांच्या गाद्या शिवायचं दुकान काढलं. आमच्या पत्राची गोष्ट त्याच्या कानावर गेली, तेव्हा त्याचं मला पहिलं कार्ड आलं. "यंदाचं पत्र पोचलं नाही. बहुधा पत्ता चुकला असावा. माझा पत्ता खाली देत आहे, कृपया नोंद घ्यावी." पुढच्या वर्षी पुन्हा तेच. त्याचा पत्ता कधी बदलला नाही. दर वर्षी तोच पत्ता, तेच सुवाच्य अक्षर, आणि दर वर्षी पत्ताच चुकला असणार हे सौजन्य. मला सुटायला तो दर वर्षी एक दार उघडून ठेवत होता. जन्मभर पत्ते वाचणाऱ्या माणसाला तो सांगत होता की बाबा, तुझी चूक नाही, टपालाची आहे. अशी एकोणचाळीस कार्डं बिस्किटांच्या डब्यात आहेत.

चौदावं कार्ड आलं त्या वर्षी मी त्याच्या दुकानात गेलो. तो मशीनवर होता, तोंडात दोन टाचण्या. मला पाहून त्याने टाचण्या काढल्या आणि समोरच्या खुर्चीवरचं कापड उचललं. म्हणाला, "बस रे. तुझी तब्येत काय म्हणते? पाचवा कसा आहे? त्याचा मुलगा लागला का कुठे?" एकेकाची चौकशी केली. मग मशीनवरचा हात काढून विचारलं, "दहा, एक विचारू? तू मागे होतास म्हणून. पट्टा खरंच काखेखालून होता ना? का मी घाबरलो आणि मला तसं वाटलं? इतक्या वर्षांत माझं मलाच कळेनासं झालंय."

त्याला पदक नको होतं, शेरा पुसून नको होता. एक 'हो' हवा होता, आणि तो जगात फक्त माझ्याकडे होता.

मी म्हटलं, "खूप वर्षं झाली. मला आठवत नाही."

तो "बरोबर आहे" म्हणाला आणि आतून चहा मागवला. मी तो प्यायलो. निर्लज्जासारखा बसून पूर्ण प्यायलो. निघताना त्याने विचारलं, "पत्र पाठवशील?" मी हो म्हटलं. पाठवलं नाही. नाव घातलं असतं तर बाकीच्यांनी विचारलं असतं, याला कशाला घेतलंस, आणि मग मला सांगावं लागलं असतं.

कलम १०. सहा वर्षांपूर्वी त्याच्या मुलीचं कार्ड आलं. बाबा गेले, अकरा आठवडे दवाखान्यात होते, असं लिहून तिने दवाखान्याचं नावही दिलं होतं. तो दवाखाना माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे. पाचव्याच्या खाटेभोवती उभं राहायला जागा नव्हती. याच्या खाटेशी अकरा आठवड्यांत आमच्यापैकी एक जण गेला नाही, कारण तो तिथे आहे हे कोणाला कळलंच नाही, आणि कळलं नाही कारण कळवायचं काम माझं होतं. कार्डाच्या शेवटी मुलीने आपला फोन नंबर दिला होता आणि लिहिलं होतं, "बाबांबद्दल काही सांगण्यासारखं असेल तर फोन करावा." मी ते कार्डही डब्यात ठेवलं.

कलम ११. माझ्या मृत्यूनंतर आठ दिवसांच्या आत पुतणीने कलम आठ, नऊ आणि दहा यांच्या प्रती काढून वहीतल्या प्रत्येक पत्त्यावर आणि नवव्याच्या मुलीला पाठवाव्यात. सोबत माझ्या सहीचा माफीनामा आहे, तोही जोडावा. हे काम मी आज, जिवंतपणी करू शकतो, हे मला कळतं. टपालपेटी खालीच आहे. करणार नाही, हेही कळतं.

कलम १२. हे कलम आज दुपारी वाढवलं आहे. माझे दोन साक्षीदार तीन वाजता येणार होते. त्याआधी पुतणीला वाचायला दिलं, कारण अंमलबजावणी तिने करायची. तिने उभ्याउभ्या सगळं वाचलं आणि कागद टेबलावर ठेवला.

"काका, मी हे पाठवणार नाही."

"अगं, तू नाही तर कोण पाठवणार?"

"तुम्ही. मेलेल्या माणसाला कोणी उलटून विचारू शकत नाही, म्हणून हे तुम्ही मृत्युपत्रात घातलंय. मी नाही यात पडणार. दुसरं कोणीतरी बघा." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मीही चढवला असता आणि विषय टळला असता. तिने डब्यातून ते शेवटचं कार्ड काढलं, नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

नवव्याच्या मुलीने उचलला. मी म्हटलं, तुमच्या वडिलांच्या विमानातला दहावा बोलतोय. ती म्हणाली, "आईशी बोलायचंय का?"

मी म्हटलं, "आई आहेत?"

"आहे की. कोणी कधी विचारलंच नाही."

सोळा घरांत कोण आहे आणि कोण नाही हे झोपेतून उठवून विचारा, मी सांगेन. या घरातली बाई जिवंत आहे हे मला माहीत नव्हतं.

बाईंना कमी ऐकू येतं. मी पहिल्यांदा सांगितलं ते बरीच पार्श्वभूमी घालून, घसा साफ करत, हळू. त्या म्हणाल्या, "काय?" दुसऱ्यांदा निम्मं सांगितलं. त्या पुन्हा म्हणाल्या, "मोठ्याने बोला, कोण आहे?" तिसऱ्यांदा मी उभा राहिलो आणि ओरडून सांगितलं, "तुमचे यजमान घाबरले नव्हते. पट्टा काखेखालूनच होता. तो मी तपासला नव्हता, आणि चौकशीत मी खोटं बोललो." तोवर साक्षीदार दारात येऊन उभे होते : खाली घड्याळं दुरुस्त करणारा शेजारी, आणि आमचा क्रमांक चौदा, जो त्या विमानात माझ्या मागे उभा होता आणि आजवर मी सांगितलेलंच खरं धरून चालला होता.

बाईंनी विचारलं, "हे त्यांना सांगितलंत का?"

मी म्हटलं, "नाही."

"काय म्हणालात?"

"नाही," मी ओरडलो. "नाही सांगितलं."

मग त्या म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, भांडण करावं तसं नाही, "ते मला विचारायचे. पट्टा खरंच खाली होता का गं? दवाखान्यातसुद्धा विचारत होते. मी काय सांगणार? मी तिथे नव्हते. तुम्ही होतात."

आणि फोन ठेवला.

कलम अकरा रद्द. त्यातल्या प्रती माफीनाम्यासकट आज पाच वाजेपर्यंत जातील, पाकिटं पुतणी आणि क्रमांक चौदा आत्ता चिकटवत आहेत. वहीतली नववी ओळ मी भरली आहे. वही पुढे नवव्याच्या मुलीने चालवावी अशी माझी इच्छा आहे. नंतर तिला फोन करून विचारलं, तर विचार करून सांगते म्हणाली. तिने नको म्हटलं तर कोणी आग्रह करू नये. बिस्किटांचा डबा मात्र तिचा आहे, तो तिला मिळावा. पुतणीने वरील बदलांनंतर अंमलबजावणीची जबाबदारी स्वीकारली आहे.

ज्याला साक्षीदार व्हायचं त्याला काही देता येत नाही, असं वकील म्हणतात. म्हणून घड्याळवाल्याला आणि क्रमांक चौदाला मी काही ठेवलेलं नाही. त्यांनी राग मानू नये.

हे सर्व मी वाचलं, मला समजलं, आणि यातलं एकही अक्षर खोटं नाही. सही माझी आहे.

(सही) क्रमांक दहा, मृत्युपत्र करणारा

आम्ही दोघं खाली सही करणारे लिहून देतो की, मृत्युपत्र करणाऱ्याने आमच्यासमोर सही केली, तेव्हा तो शुद्धीवर होता आणि रडत होता. फोनवर तो जे बोलला ते आम्ही स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे.

(सही) साक्षीदार पहिला : घड्याळ दुरुस्त करणारा, तळमजला

(सही) साक्षीदार दुसरा : क्रमांक चौदा

ठिकाण : राहतं घर, पुढची खोली
दिनांक : एकोणीस नोव्हेंबर, गुरुवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं